टाकीचं पांघरूण

नावाड्याला आभार मानायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण माणसांचे तो क्वचित मानायचा आणि वस्तूंचे उठताबसता. नाव धक्क्याला लागली की दोरखंडाला थोपटायचा, "उपकार झाले रे बाबा तुझे." वल्ह्याला म्हणायचा, छत्रीला म्हणायचा, घरातलं फुगलेलं दार एका दणक्यात उघडलं तर त्या दारालाही म्हणायचा. बायको म्हणायची, "कधीतरी माणसांचेही माना." यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "घरच्यांचे कसले आभार? आपण काय परके आहोत?" संसारात असे दोनचार विषय असतातच, रोज निघतात आणि रोज तिथेच मिटतात.

तर अशा या माणसाची मोटार बिघडली. मोटार म्हणजे रस्त्यावरची नव्हे, नावेची. नावेच्या मागच्या फळीला अडकवलेली, पातं पाण्यात आणि डोकं बाहेर. तिला पेट्रोल जायचं ते नावेत ठेवलेल्या सुट्या टाकीतून, एका रबरी नळीनं. वस्ती बेटावर, आणि बाजार, कारखाना, इस्पितळ सगळं समोरच्या काठावर. मध्ये चांगलं रुंद पाणी. मोठी लाँच सकाळी एकदा जायची, संध्याकाळी एकदा यायची. मधल्या वेळात कुणाचं अडलं तर नावाड्याचं दार वाजायचं.

दुखणं मोठं विचित्र होतं. धक्क्यावर दोरी ओढली की मोटार पहिल्या झटक्यात सुरू. निघायची कशी अगदी तोऱ्यात! आणि अर्धं पाणी कापलं, न कापलं की आचके द्यायची, खोकायची आणि बंद. मग नावाडी उठायचा. तोंडाचा पट्टा सुरू. मोटारीच्या सात पिढ्या उद्धरत तो टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघायचा, झाकण लावायचा, मग प्लग काढून पुसायचा, पुन्हा बसवायचा, दोरी ओढायचा. मोटार सुरू! "उपकार झाले रे प्लगा तुझे," असं म्हणून तो पुढे निघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी तो फिल्टर झटकायचा आणि फिल्टरचे आभार मानायचा. तिसऱ्या दिवशी नळीचे. आता कुणाच्याही लक्षात यावं की रोज वेगळा देव पावतोय म्हणजे यातला एकही खरा नाही. पण आभार मानण्याच्या भरात माणसाला हे सुचत नाही.

शेवटी मोटार खांद्यावर मारून तो पलीकडच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री भला माणूस. त्यानं कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, मोटार पाण्याच्या पिंपात उभी केली, आपल्या टाकीची नळी जोडली आणि चालू केली. जेवून आला तरी मोटार चालूच. हूं की चूं नाही.

"पेट्रोल नीट पोचत नसणार," मिस्त्री म्हणाला. "कुठे अडतंय ते मात्र कळत नाही. इथे तर गुणी बाळासारखी चालतेय. एकदा तुझी टाकीपण घेऊन ये."

"टाकीला काय धाड भरलीय?" नावाडी म्हणाला. "तिला ना चाक ना दांडा. नुसतं पोट."

"बरं बाबा. कधीपासून चाललंय हे?"

नावाड्यानं डोकं खाजवलं. "लेक राहायला आली ना, साधारण तेव्हापासून."

"मग झालं तर," मिस्त्री हसला. "लेकीबरोबर मोटारीलाही डोहाळे लागले." नावाडीही हसला, मिस्त्रीच्या पिंपाला थोपटून त्याचे आभार मानले आणि मोटार घेऊन घरी आला. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या पाण्यात मोटार बंद पडली, तेव्हा मात्र त्याला हसू आलं नाही.

कारण लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. जावई पलीकडच्या कारखान्यात कामाला आणि चौघांच्यात एका खोलीत राहणारा. स्वतंत्र खोली त्याला पुढच्या महिन्यात मिळणार होती, तोवर लेक आईवडिलांकडे. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "रक्तदाब वाढतोय. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, थेट इथे." रात्री लाँच नाही, दुपारी लाँच नाही. वस्तीतल्या बाकीच्या नावा पहाटे मासे धरायला जायच्या, त्या उन्हं कलल्यावर परत. म्हणजे वेळ आली तर लेक आणि दवाखाना यांच्यामध्ये होती ती ही एक मोटार. जी मध्येच बंद पडते! नावाड्याचा जीव टांगणीला लागला होता. जेवताना घास हातात धरून तो मोटारीचाच विचार करत बसायचा.

लेकीचं आणखी एक होतं. तिच्या ओकाऱ्या काही थांबत नव्हत्या. बायकांना सुरुवातीला होतात आणि मग थांबतात म्हणे, हिच्या शेवटपर्यंत मुक्कामाला राहिल्या. आणि नाक तर असं तीक्ष्ण झालेलं, की शेजारच्या घरात काय शिजतंय ते ही अंथरुणावरून सांगायची. त्यातून पेट्रोलचा वास म्हणजे तिचा वैरी. राहायला आली तेव्हा त्या नावेतून येतानाच तिचे हाल झाले होते. आणि पेट्रोलची टाकी रात्री घरात असायची. नावेतून एकदा चोरीला गेली, तेव्हापासून नावाडी ती रोज उचलून आणायचा आणि पडवीत, लेकीच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवायचा. पहिले दोन दिवस लेकीच्या पोटात पाणी ठरलं नाही. "आई, ती टाकी," एवढंच बोलायची आणि तोंडावर हात धरायची.

आईनं मग आपल्या परीनं इलाज केला. जुन्या चादरीचे तुकडे घेतले, दुपारभर मशीनवर बसली आणि टाकीला अंगाबरोबर पांघरूण शिवलं, तिपदरी, वर झाकणासाठी झडप आणि झडपेला नाडी. नावाड्यानं पाहिलं आणि खो खो हसला. "टाकीला थंडी वाजते होय? पायमोजेपण शीव!" पण पांघरुणानं वास कमी झाला होता खरा. लेक जरा जेवायला लागली. त्यामुळे त्यानं ते काढलं नाही. टाकी पांघरुणासकट नावेत जायची आणि पांघरुणासकट घरी यायची. वस्तीतली माणसं म्हणायची, "टाकीचं बाळंतपण कधी?" तो म्हणायचा, "कळवतो."

आणि मग एक दिवस, लाँच जाऊन बराच वेळ झालेला, ऊन चांगलं वर आलेलं, तो धक्क्यावर टाकीत पेट्रोल भरत होता. काठोकाठ भरली, झाकण लावलं, झडपेची नाडी बांधली. टाकी घरी नेली, पडवीत ठेवली आणि हात धुतो न धुतो तोच बायको आतून धावत आली. "अहो, चला. सुरू झालंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाय चालत होते, ते एक बरं झालं. बायकोनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. जाताजाता तिनं सवयीनं पडवीतल्या टाकीवर वाकून काहीतरी सारखं केलं, नाडी आवळली, मग लेकीला धरून बाहेर काढलं. नावाड्यानं टाकी उचलली. लेकीला नावेत मधल्या फळीवर उशी देऊन बसवलं, नळी जोडली, जावयाला फोन करून धक्क्यावर यायला सांगितलं आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! "उपकार झाले," तो पुटपुटला. कुणाचे ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांचेच असतील.

वस्ती मागे पडली. लेक दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटून बसली होती. कळ आली की आईचं मनगट पिळवटायची. नावाडी एक डोळा समोर आणि एक डोळा मोटारीवर ठेवून बसला होता, आणि मनात घोकत होता, आज नको. बाई, आज नको. उद्या हवी तेवढी बंद पड.

मोटार ऐकते होय कुणाचं? अर्धं पाणीसुद्धा झालं नव्हतं. रोजच्यापेक्षा आधीच तिनं आचका दिला, खोकली आणि बंद. आणि इतका वेळ मोटारीच्या आवाजात न जाणवलेली गोष्ट एकदम जाणवली: ओहोटीचं पाणी होतं आणि ते नाव अलगद समुद्राकडे ओढून नेत होतं.

"वल्हं घे," तो बायकोला म्हणाला. ती काही न विचारता पुढे सरकली आणि नावेचं तोंड काठाकडे धरून मारायला लागली. नावाडी मोटारीवर तुटून पडला. झाकण उघडायचं कारणच नव्हतं, टाकी त्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं भरली होती. प्लग काढला, पुसला, लावला. दोरी ओढली. काही नाही. फिल्टर झटकला. काही नाही. नळीच्या मध्ये पेट्रोल ओढायचा रबरी फुगा असतो, तो दाबला, तर तो चपटा झाला आणि तसाच राहिला. आणि तोंड? ते काय थांबतंय! "अगं भवाने, आजचा दिवस निवडलास? एवढं धुतलं, पुसलं, नवा प्लग दिला, काय कमी केलं तुला..." घाम डोळ्यांत जात होता. पुन्हा दोरी ओढली. पुन्हा ओढली. काही म्हणजे काही नाही.

"बाबा," लेक डोळे न उघडता म्हणाली, "जरा गप्प बसता का? हात जोडते."

तो गप्प बसला. खरंच गप्प. वल्ह्याचा आवाज तेवढा उरला, आणि लेकीच्या श्वासाचा. त्याला वाटलं, आता आपण रडणार. बापानं लेकीसमोर रडायचं नसतं म्हणून त्यानं मान खाली घातली.

कळ ओसरली. लेकीनं डोळे उघडले आणि बापाचा उतरलेला चेहरा बघून तिलाच त्याची दया आली असावी. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून ती म्हणाली, "एक बरं आहे पण. मागच्या वेळी याच टाकीनं जीव नकोसा केला होता. आज शेजारी बसलेय तरी वास म्हणून नाही."

"येईलच कसा?" वल्हं मारतामारता आईला तेवढ्यातही कौतुक वाटलं. "तिपदरी शिवलंय. आणि झाकणावरचं ते बारकं बटण असतं ना, ते मी रोज घट्ट पिळून ठेवते. मघाशी निघतानाही पिळलं. सगळा वास तिथूनच यायचा बघ."

नावाड्यानं मान वर केली.

झाकणावरचा बारका स्क्रू. हवेचा स्क्रू. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते, सोडतच नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे त्याला इतकं माहीत होतं, की टाकी विकत घेतली त्या दिवशी त्यानं तो स्क्रू सैल केला आणि त्यानंतर त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. तो बंद असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि रोज अर्ध्या पाण्यात मोटार परत सुरू व्हायची ती प्लगानं नव्हे, फिल्टरनं नव्हे. तो झाकण उघडून पेट्रोल बघायचा, तेवढ्यात टाकी हवा ओढून घ्यायची, म्हणून. आज झाकण उघडलंच नव्हतं.

त्यानं झडपेची नाडी ओढली. गाठ बसली होती, दातांनी सोडवली. बारका स्क्रू बोटांत धरला आणि फिरवला.

सुस्स्स्स! केवढा तो आवाज! टाकीनं असा लांब श्वास आत घेतला की लेकही बघत राहिली. पांघरुणाच्या आत टाकीची चेपलेली बाजू 'धब्ब' करून बाहेर आली. हा आवाज रोजच होत असणार, पण तो ऐकायला तोंड बंद असावं लागतं. नावाड्यानं फुगा दाबला. फुगा भरला. पुन्हा दाबला, टणक झाला. दोरी ओढली.

मोटार सुरू झाली आणि सुरूच राहिली. त्यानं वेग वाढवला, नावेचं नाक उचललं गेलं, बायकोनं वल्हं आत घेतलं. नावाड्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. पहिल्यांदाच त्यानं कुणाचेही आभार मानले नाहीत. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्क्रू फिरवला आणि मोटार सुरू झाली, एवढं तिला दिसलं होतं, आणि ती काही खुळी नव्हती. लेकीचा हात हातात धरून ती टाकीकडे बघत राहिली, पार काठ येईपर्यंत.

धक्क्यावर जावई चाकांची खुर्ची घेऊन उभा होता. कुठून आणली देव जाणे. लेकीला दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं आणि चौघं इस्पितळाकडे पळाली.

नात झाली. गोरी की सावळी ते कळायला वेळ होता, पण आवाज मात्र आजोबांचा होता, त्यात कुणाला शंका राहिली नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोघी छान आहेत. वेळेवर आणलंत. आणि हिनं शेवटच्या दिवसांत वजन चांगलं भरून काढलं बरं का, मला तीच काळजी होती. अंगात ताकद होती म्हणून निभावलं." नावाड्यानं डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, नर्सबाईंचे मानले, जावयाचे मानले, खुर्चीचे मानले, आणि बाकड्यावर बायकोशेजारी येऊन बसला.

ती रडत होती. आवाज न करता. "माझ्या हातून काय झालं असतं," ती म्हणाली. "रोज मीच बंद करत होते. तुम्ही रोज डोकं फोडत होतात आणि मी बघत होते. आज तर निघतानासुद्धा... अहो, माझ्या हातानं..."

एवढा बोलका माणूस, पण हवं तेव्हा शब्द सापडेल तर शपथ. त्याच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचं वाक्य घोळत होतं. अंगात ताकद होती म्हणून निभावलं. कुठून आली ताकद? लेक जेवायला लागली म्हणून. लेक कधी जेवायला लागली? ज्या पिळानं मोटार बंद पडत होती, त्याच पिळानं लेकीच्या पोटात दोन घास ठरत होते. आणि हे त्यानं स्वतः बघितलं होतं, हसलाही होता त्यावर. "चल, नात बघू," एवढंच तो म्हणाला आणि तिला हाताला धरून उठवलं.

जावयाला खोली लवकर मिळाली. लेक बाळाला घेऊन तिकडे गेली, बायको काही दिवस तिथे राहिली, आणि मग एका सकाळी नावाडी तिला घरी न्यायला आला. नावेत दोघंच. मधल्या फळीवर ती उशी तशीच होती. ती बसली आणि टाकीकडे नजर जाताच तिचा चेहरा उतरला. पांघरूण अजून टाकीच्या अंगावर होतं.

"हे काढून टाका आधी," ती म्हणाली आणि वाकून नाडी सोडायला लागली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "टाकीसाठी बाहेर धक्क्याजवळ पेटी केलीय मी, कुलूपवाली. आता घरात येणार नाही ती. पण पांघरूण राहील."

"कशाला? लोकांना हसायला?"

"हसू देत." त्यानं मोटारीच्या दोरीला हात घातला, आणि ओढली नाही. मग जवळ आला, दोरखंडाला थोपटायचा तसं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "उपकार झाले गं बाई तुझे."

ती बघतच राहिली. "मी काय दोरखंड आहे?" तिनं डोळे पुसले. हसत होती की रडत होती कोण जाणे. "आणि घरच्यांचे कसले आभार? आज एकदम परकी झाले वाटतं मी?"

"नाही गं," तो म्हणाला. "घरचीच आहेस. म्हणून तर राहून गेलं."

वाकून तिनं पांघरुणाची झडप वर केली, झाकणावरचा बारका स्क्रू स्वतःच्या हातानं सैल केला, बोटानं दोनदा तपासला आणि म्हणाली, "ओढा आता."